म्हातारचळ, स्मृतिभ्रंश की डिमेन्शिया? माहितीपत्रकात काय छापावं?

माजघर
आमच्या भागातल्या एका धर्मादाय दवाखान्यात महिन्यातून दोनदा ज्येष्ठांची 'मेमरी असेसमेंट' होते. त्यांचं इंग्रजी माहितीपत्रक मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली आहे. 'स्मृती मूल्यांकन' लिहिलं तर घरपट्टीची नोटीस आल्यासारखं वाटतं. 'स्मरणशक्ती चाचणी' लिहून आईला दाखवलं. वय ७८, शिक्षण चौथी. म्हणाली, "या वयात माझी परीक्षा घेणार? आणि नापास झाले तर?"

दुसरी अडचण डिमेन्शियाची. छापील मजकुरात सगळीकडे 'स्मृतिभ्रंश' असतं, पण आमच्या घरात हा शब्द कुणी तोंडाने उच्चारलेला मला आठवत नाही. आजीला शेवटी शेवटी 'म्हातारचळ लागलाय' एवढंच म्हणायचे. तुमच्याकडे काय म्हणतात?

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडे 'बुढा लय भुलते आता', विषय संपला. हिंदीच्या शेजारामुळे 'सठियाला' पण चालतं. दवाखान्याचं नाव कोणी काढत नाही, कारण भुलणं हा आजार आहे असं त्या वाक्यात कुठे येतच नाही.

निवृत्त मास्तर
'साठी बुद्धी नाठी' यातल्या 'नाठी'कडे बघा. संस्कृत नष्ट, प्राकृत नट्ठ, त्यावरून मराठी नाठा-नाठी, म्हणजे नाहीशी झालेली, पळालेली. जुन्या मराठीत 'नाठवे' असंही रूप भेटतं, पण ते 'न आठवे', म्हणजे आठवत नाही. दोन्ही शब्द कानाला भावंडं वाटतात, पण कूळ वेगळं. 'विसर' आणि 'विस्मरण' मात्र एकाच घरचे. एक प्राकृतातून घासून गुळगुळीत होऊन आला, दुसरा संस्कृतातून तसाच उचलला.

म्हातारचळातला 'चळ' हा चळणे, ढळणे यातला. पण बोलताना त्याला हट्टाचा आणि चाळ्यांचा वास येतो. साठीनंतर कुणी रंगीत शर्ट घातला तरी लोक 'म्हातारचळ' म्हणून मोकळे होतात! तेव्हा तो शब्द माहितीपत्रकात अजिबात नको.

'स्मृतिभ्रंश' गीतेत आहे, दुसऱ्या अध्यायात. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा विभ्रम, स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश, अशी ती उतरंड आहे. ज्ञानेश्वरांनी तिथे 'चंडवातें ज्योति' म्हटलंय, सोसाट्याच्या वाऱ्याचा तडाखा बसलेली ज्योत. उपमा अप्रतिम, पण तिथली स्मृती जाते ती रागाने आणि वासनेने. त्या बिचाऱ्या आजीबाईंनी कोणता राग केला होता?

आणखी एक. भ्रंश म्हणजे घसरणं, खाली पडणं, जसं अपभ्रंश. भ्रम हा धातू वेगळा, भटकण्याचा, फिरण्याचा. 'भ्रमिष्ट' त्यातून आला. लोक 'स्मृतिभ्रंश' ऐकतात आणि मनात 'भ्रमिष्ट' समजतात. शब्दाची खरी अडचण ती आहे. (आणि कृपया समासात 'ति' ऱ्हस्वच लिहा. अर्ध्या फलकांवर 'स्मृतीभ्रंश' असतं.)

ओपीडीतली
मी हेच काम करते, म्हणून थोडं लांब लिहिते. 'स्मृतिभ्रंश' मला अपुरा वाटतो तो वेगळ्या कारणाने. डिमेन्शियाच्या काही प्रकारांत सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असते, बिघडतं ते वागणं किंवा बोलणं. आयुष्यभर हिशेबी असलेला माणूस भलत्यालाच पैसे वाटत सुटतो, चारचौघांत नको ते बोलतो. घरचे म्हणतात, "स्मृतिभ्रंश कसा असेल? त्यांना पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं." जुनं आठवणं आणि सकाळचं न आठवणं एकत्र नांदू शकतं, हे पटवण्यात माझा निम्मा वेळ जातो.

आम्ही काय बघतो? तारीख, वार, ठिकाण. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारणं. १०० मधून ७ वजा करत जाणं. घड्याळ काढायला लावणं. १९७५ सालची एक ३० गुणांची चाचणी जगभर चालते, तिच्यात एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायचे असतात. ज्यांनी पाटीनंतर हातात पेन्सिल धरली नाही त्या बाई तिथे अडतात, आणि त्याचा मेंदूच्या आजाराशी काही संबंध नसतो. याच कारणाने १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी त्या चाचणीचं हिंदी रूप मुद्दाम निरक्षर ज्येष्ठांना झेपेल असं बनवलं गेलं.

आणि गुण म्हणजे निदान नव्हे. रोजची कामं स्वतःची स्वतः जमतात का, हे घरच्यांकडून कळावं लागतं. पन्नास वर्षं पुरणपोळी करणारी बाई डाळ शिजवून थांबते आणि पुढे काय करायचं ते तिला सुचत नाही, ही माहिती मला पंचकोनापेक्षा जास्त उपयोगी. (मुलगा म्हणतो "आई एकदम ठणठणीत", सून म्हणते "दोनदा गॅस चालू राहिला". कुणाचं ऐकायचं ते तुम्हीच ओळखा.) शिवाय बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही माणूस विसरतो, आणि ऐकू कमी येत असेल तर विसरल्यासारखा वाटतो. यातलं बरंचसं सुधारता येतं. 'वयच झालं' म्हणून घरी बसवलं की हेही हातचं जातं.

खारेदाणे
'वात झाला' हा शब्द यात कुठे बसतो? आजोबांना तापात वात व्हायचा, भिंतीशी बोलायचे.

ओपीडीतली
चांगला प्रश्न. तुमचा 'वात' म्हणजे आमचं डेलिरियम. तासांत किंवा दोन-चार दिवसांत माणूस बदलतो, गोंधळतो, बरळतो, संध्याकाळी जास्त. मागे बहुतेक वेळा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं किंवा एखादं औषध असतं. तेव्हा स्मरणशक्ती तपासायला पुढची तारीख घेत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. डिमेन्शिया सहसा महिन्या-वर्षांनी सरकतो. मराठीत या दोन्हींसाठी वेगळे शब्द पहिल्यापासून आहेत, हे माझ्या फार कामाला येतं. "वात झाल्यासारखं एकदम झालं, की हळूहळू?" एवढं विचारलं की घरचे बिनचूक सांगतात.

ओसाकाकर
इकडचं सांगते. जपानीत डिमेन्शियाला 'चिहो' म्हणायचे, त्या शब्दातल्या अक्षरांचा अर्थच मूर्ख, खुळा. म्हाताऱ्यांचा अपमान होतो आणि लोक तपासायला येत नाहीत, म्हणून २००४ मध्ये सरकारने समिती नेमून तो बदलला. नवा शब्द 'निन्चिशो', साधारण अर्थ आकलनाचा आजार. आता माझ्या शेजारच्या आजी स्वतःच हा शब्द सहज वापरतात.

खारेदाणे
म्हणजे आपणही 'संज्ञानात्मक विकार' म्हणायचं? देवा.

निवृत्त मास्तर
'संज्ञानात्मक' हिंदीकडून उसना आणलाय. मराठी मानसशास्त्राच्या पुस्तकांत 'बोधात्मक' असतं, 'बोधनिक'ही असतं. दोन्ही बरे, पण दवाखान्याच्या दारावर नकोत. बोध म्हटलं की लोक कीर्तनाला बसतील.

ओपीडीतली
अमेरिकन मानसोपचार संघटनेनेही मानसिक आजारांच्या २०१३ च्या वर्गीकरणात डिमेन्शियाच्या जागी 'मेजर न्यूरोकॉग्निटिव्ह डिसऑर्डर' (साधारण अर्थ आकलनशक्तीचा मोठा बिघाड) आणलं. लॅटिनमध्ये डिमेन्शियाचा अर्थ मनापासून सुटलेला, म्हणजे तोही काही फार सभ्य नाही. तरी ओपीडीत सगळे डिमेन्शियाच म्हणतो.

वऱ्हाडी ठेचा
मग सरळ अल्झायमर लिहा ना. तो सगळ्यांना माहीत आहे.

ओपीडीतली
तीच तर चूक! अल्झायमर हे डिमेन्शियाचं सर्वांत मोठं कारण, पण एकमेव नाही. ज्यांच्यावरून 'वारं गेलेलं' असतं, म्हणजे ज्यांना पक्षाघात होऊन गेलेला असतो, त्यांचा डिमेन्शिया रक्तवाहिन्यांचा असू शकतो. आंबा आणि फळ यात फरक आहे तसाच.

आणि 'साठी'वाल्यांसाठी: जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांना १९०१ मध्ये फ्रँकफर्टला जी रुग्ण भेटली ती ५१ वर्षांची होती. तिच्याबद्दल ते १९०६ मध्ये बोलले आणि १९१० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आजाराला त्यांचं नाव दिलं. म्हणजे ज्या रुग्णावरून हे नाव पडलं तिला साठी लागलीच नव्हती. उलट बाजूही बघा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं. आकडा मोठा आहे, पण साठी ओलांडलेल्या बहुतेकांची बुद्धी जागेवर आहे.

माजघर
सगळ्यांचे आभार, मास्तरांचे ऱ्हस्व 'ति'सकट. आईने खरी भीती काल सांगितली. कागदावर असं काही लिहिलं गेलं तर बँकेत तिची सही चालणार नाही, आणि घर कुणाच्या नावे करायचं ते मुलं ठरवतील.

ओपीडीतली
ही भीती माहितीपत्रकात नावानिशी लिहा. नुसत्या निदानाने कुणाची सही आपोआप बाद होत नाही. त्या वेळी, तो व्यवहार त्या माणसाला समजतोय का, हा प्रश्न असतो. लवकर कळलं तर हे निर्णय स्वतः घ्यायला वेळ मिळतो, उशीर झाला तर नाही.

निवृत्त मास्तर
'निदान' शब्दाचीही गंमत आहे. संस्कृतात मूळ कारण, वैद्यकात रोगाची ओळख, जुन्या मराठीत शेवट, आणि आजच्या बोलण्यात 'कमीत कमी'. लोक कोणता अर्थ धरतात त्यावर ते येणार की नाही हे ठरतं. 'शेवट' धरला तर कशाला येतील?

माजघर
मग असं केलंय. वर मोठ्या अक्षरांत 'विसर-तपासणी'. रक्ततपासणी, नेत्रतपासणी चालते तशीच ही. खाली: 'विसर पडतोय? निदान तपासून तर घ्या.' डिमेन्शिया हा शब्द आत ठेवला, कंसात स्मृतिभ्रंश, आणि शेजारी एक ओळ: 'हा मेंदूचा आजार आहे, वेड नाही.' म्हातारचळ कुठेही नाही.

खारेदाणे
'विसर-तपासणी' झकास. मधलं जोडचिन्ह काढा, रक्ततपासणीत कुठे असतं?

माजघर
काढलं. आणि काल आईला घेऊन गेले होते. पहिलाच प्रश्न, "आज वार कोणता?" आई म्हणाली, "उपासाचा."

ओपीडीतली
गुण दिला का?

माजघर
बाई क्षणभर थांबल्या, मग "कोणत्या देवाचा उपास?" म्हणून विचारलं. "दत्ताचा." दिला. गुरुवारच होता.