मदत हवी आहे: आईचं शिक्षण आणि मुलांची संख्या, आकडे जुळत नाहीत

पर्वतीपायथा:
सोमवारी प्रोजेक्ट द्यायचंय आणि मी अडकलेय. 58 बायकांचा सर्व्हे केला. शाळेत न गेलेल्यांना सरासरी 3.6 मुलं, दहावी आणि पुढे शिकलेल्यांना 1.1. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) न शिकलेल्यांचा आकडा 2.8 आहे, बारावी आणि पुढच्यांचा 1.8. माझ्याकडे एवढी दरी कशी? मॅडम म्हणाल्या, "यात शिक्षण कुठे दिसतंय?" बेरजा दोनदा तपासल्या. प्लीज लवकर सांगा.

आकडेमोड:
वयं काय? वस्ती कुठली? प्रश्न नेमका कसा विचारला?

निवृत्त_सिस्टर:
वयाचं राहू दे. 33 वर्षं कुटुंबकल्याणात काढली. पाळणा थांबला तो ऑपरेशननं, शाळेनं नाही. अंगठा लावणारी बाईसुद्धा दुसऱ्या मुलानंतर टाक्याचं ऑपरेशन करून घ्यायची.

डेक्कनकर:
सिस्टर, त्यासाठी सासूपुढे तोंड उघडावं लागतं. ते बळ शाळेतून येतं, शिवाय लग्न लांबतं. इथिओपियात 2016 ला न शिकलेल्या बायकांचा प्रजनन दर 5.7 होता, माध्यमिकच्या पुढे गेलेल्यांचा 1.9.

निवृत्त_सिस्टर:
आणि बांगलादेशात? तिथल्या मतलब नावाच्या भागात 1977 पासून कार्यकर्त्या घरोघरी गर्भनिरोधक साधनं घेऊन जायला लागल्या, तिथे जन्म घटले. बायका शिकेपर्यंत कोणी थांबलं नव्हतं.

कोथरूडची_आई:
आमच्या सोसायटीत सगळ्यांना एकच. नर्सरीची फी भरून बघा, दुसऱ्याचा विचारच येत नाही मनात.

झेरॉक्सवाला:
बाइंडिंगला शनिवारीच टाका. अप्पा बळवंत चौकात शेवटच्या दिवशी गर्दी असते.

पर्वतीपायथा:
जनता वसाहत, पर्वतीच्या उतारावरची. न शिकलेल्या बहुतेक 45 च्या पुढच्या, दहावीवाल्या 22 ते 30. "मुलं किती?" एवढंच विचारलं. वयाचा काय संबंध?

आकडेमोड:
सगळा संबंध तिथेच आहे. तिशीच्या आतल्यांना अजून मुलं व्हायची आहेत, पन्नाशीच्या बाईचं सगळं होऊन गेलंय. तुम्ही शिक्षण नाही, वय मोजलंत. शिवाय 2.8 ही सरासरी नाही, एकूण प्रजनन दर आहे: प्रत्येक वयोगटात आत्ता किती जन्म होतात त्यावरून काढलेला. तो तुमच्या सरासरीशेजारी ठेवताच येत नाही. 40 च्या पुढच्या शिकलेल्या आणि न शिकलेल्या समोरासमोर ठेवा. आणि मुलं म्हणजे झालेली की हयात? आई शिकलेली असली की मुलं जगण्याचं प्रमाण वाढतं, मग "एखादं गेलं तर" म्हणून आणखी होऊ देणं कमी होतं. हा धागाच तुमच्या प्रश्नातून निसटलाय.

पर्वतीपायथा:
एका आजींनी बोटं मोजली होती. पाचवं उघडलं, थोडा वेळ तसंच धरलं, मग मिटलं आणि म्हणाल्या, "चार." मी चार लिहून पुढच्या घरी गेले.
40 च्या पुढे दहावी झालेल्या तिघीच निघतात. उद्या परत वर चढते.

निवृत्त_सिस्टर:
बाळ, दुपारी जा, सुना कामाला गेलेल्या असतात. आधी बाळंतपणं किती विचार. मग घरात किती, सासरी-परगावी किती. गेलेलं सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा पेन खाली ठेव.