बी-२०३ च्या वैद्य काकूंचा आर्लमधला शनिवार (सोसायटीच्या ग्रुपवरून)

वैद्य काकू, बी-२०३: लेकीकडे फ्रान्समध्ये मोंपेलिएला आलेय हे बहुतेकांना माहीत आहेच. आज सकाळच्या गाडीनं दोघी आर्लला आलो, तासाभराचा प्रवास. रोन नदीकाठचं जुनं गाव. फोटो टाकतेय.

(चार फोटो)

पाध्ये काका, ए-१०१: हे तर रोमचं कलोसियम! आम्ही टूरमध्ये पाहिलंय.

वैद्य काकू: नाही हो काका, हे आर्लचं रोमन खेळांचं रिंगण, त्याचं धाकटं भावंड म्हणा. इसवी सन ९० च्या सुमाराचं. १३६ मीटर लांब, १०७ रुंद, दोन मजले, दर मजल्यावर ६० कमानी. वीसेक हजार माणसं बसायची. पण मी इथं तासभर रेंगाळले ते रोमन लोकांमुळे नाही. रोमन साम्राज्य ढासळल्यावर गावावर हल्ले व्हायला लागले. तेव्हा लोकांनी कमानी बुजवल्या, वर चार बुरूज चढवले आणि सरळ आत राहायला गेले. या रिंगणात दोनशेहून जास्त घरं होती! मधे चौक, गल्ल्या, दोन छोटी चर्च. कित्येक शतकं लोक असे राहिले. चारांतले तीन बुरूज अजून आहेत. एकावर चढून आले, वरून कौलांच्या पलीकडे नदी दिसते. गुडघेवाल्यांनी खालूनच बघावं, पायऱ्या उंच आहेत.

शिंदे, ए-३०४: म्हणजे गढीच की. दार लावलं की गाव सुरक्षित.

प्राची, सी-५०२: काकू, मग घरं गेली कुठे? फोटोत एकही नाही.

वैद्य काकू: १८२० नंतरच्या दशकात भूसंपादन करून एकेक घर पाडलं. १८३० मध्ये रिकाम्या झालेल्या रिंगणात बैलांचा पहिला खेळ झाला, फ्रान्सनं उत्तर आफ्रिकेतलं अल्जीयर्स घेतल्याच्या आनंदात.

नितीन, सेक्रेटरी: वा. शंभर टक्के संमती घेतली होती का विचारा.

पाध्ये काका: आणि रिडेव्हलपमेंटमध्ये देतात तसा कॉर्पस, म्हणजे रोख रक्कम, किती दिला?

वैद्य काकू: हसा. नगररचनेच्या नोकरीत अशा संपादनाच्या फाइली खूप हाताळल्यात मी. स्मारक मोकळं केलं की देखणं दिसतं, हे खरं. पण रोमन खेळ इथं जेवढी वर्षं चालले त्याहून जास्त वर्षं इथं चुली पेटल्या, पोरं जन्मली. त्याचं आता काय उरलंय? ते तीन बुरूज. दोन-चार घरं तरी ठेवायला हवी होती.

पाध्ये काका: मॅडम, घरं ठेवली असती तर रोमन काम दिसलं नसतं. तिकीट काढून कुणाच्या तरी मोऱ्या बघायला गेला असतात?

वैद्य काकू: गेले असते.

पाध्ये काका: तुम्ही गेला असतात हो. टूरवाले नसते आले.

शिंदे: ते बैलांचं सांगा. मारतात का?

वैद्य काकू: दोन्ही प्रकार आहेत. स्पॅनिश पद्धतीत बैल मारतात, त्यावर फ्रान्समध्येही वाद चालू असतो. इथला स्वतःचा खेळ वेगळा. शेजारच्या कामार्गच्या पाणथळ प्रदेशातले काळे बैल. त्यांच्या शिंगांना फीत आणि गोंडे बांधतात. पांढऱ्या कपड्यातली पोरं हातातल्या छोट्या आकड्यानं ते ओढून पळ काढतात. बैल अंगावर आला की कठड्यावरून उडी. खेळ संपला की बैल चालत घरी. आज खेळ नव्हता, पण पोस्टरं पाहिली. बैलांची नावं ठळक अक्षरात, माणसांची बारीक.

शिंदे: हे मात्र पटलं. आमच्या घाटात बैलगाडा सुटला की बैलांचीच नावं पुकारतात. मालकाला कोण विचारतं?

लता वहिनी, बी-१०४: काकू, खायला काय मिळालं ते सांगा आधी.

वैद्य काकू: शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस! बुलव्हार दे लिस नावाचा मोठा रस्ता आहे, त्यावर दुतर्फा मांडण्या. ऑलिव्हचे दहा-बारा प्रकार, बकरीच्या दुधाचं चीज, मीठ, मध. मांसाहार करणाऱ्यांसाठी आर्लची सुकवलेली सॉसेज. आणि लता, तांदूळ! लाल, अख्खा, पॉलिश न केलेला. फ्रान्सचा भात मुख्यतः याच कामार्गमध्ये पिकतो. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंचांनी इंडोचायनातून, म्हणजे व्हिएतनामकडून, हजारो मजूर आणले होते. त्यांतल्या काहींना इथं भातशेतीला जुंपलं आणि ती इथं खऱ्या अर्थानं रुजली. त्या माणसांची नावं पाकिटावर नसतात.

लता वहिनी: पेज होईल का त्याची?

वैद्य काकू: लेक म्हणते शिजायला चांगला पाऊण तास लागतो. रात्री भिजवून बघते.

प्राची: काकू, व्हॅन गॉग!!! कधीपासून वाट बघतेय.

वैद्य काकू: तुझ्यासाठीच मागे ठेवलं होतं. फेब्रुवारी १८८८ ते मे १८८९, एवढ्यात त्यानं इथं दोनशेच्या आसपास चित्रं काढली, रेखाटनं वेगळी. आणि गंमत बघ, गावाच्या मालकीचं एकही चित्र नाही! २०१४ पासून त्याच्या नावाची संस्था आहे, ती उसनी चित्रं आणून लावते. स्टेशनवरून येताना लामार्टिन चौक लागतो, तो राहायचा आणि त्यानं रंगवलं ते पिवळं घर तिथं होतं. १९४४ च्या बॉम्बफेकीत गेलं. चित्रात त्याच्यामागे दिसणारी उंच इमारत मात्र उभी आहे. स्वतःचा कान कापल्यावर त्याला ठेवलं त्या इस्पितळाचं अंगण पाहिलं. त्याच्या चित्राबरहुकूम फुलझाडं लावलीत. मला ते आवडलं. तो रात्रीचा कॅफे नाही आवडला. चित्रातल्यासारखा दिसावा म्हणून नंतर भिंतच पिवळी रंगवलीय. त्यानं गॅसच्या दिव्याचा उजेड रंगवला होता, यांनी डिस्टेंपर मारला.

प्राची: हाहाहा काकू! पण फोटो काढलात ना?

वैद्य काकू: काढला. आलेच आहे तर.

दुपारी प्राचीन वस्तूंचं संग्रहालय. रोनच्या गाळातून २०११ मध्ये बाहेर काढलेली रोमन मालवाहू होडी ठेवलीय, ३१ मीटर लांब, लाकडी, जवळजवळ अख्खी. गाळात हवा लागली नाही म्हणून टिकली. एक दालन बघायचं तर हेच बघा.

पाध्ये काका: गावात राहणारे लोक दिसले की नुसते टुरिस्ट?

वैद्य काकू: दिसले की. बऱ्याच खिडक्यांत वाळत घातलेले कपडे. काका, तुमच्यासाठी खास किस्सा आहे. जगात सगळ्यात जास्त जगलेली म्हणून नोंद असलेली बाई इथलीच. झान कालमाँ, १८७५ चा जन्म, १९९७ मध्ये गेली. १२२ वर्षं. लहानपणी व्हॅन गॉगला पाहिलं होतं म्हणायची. नव्वदाव्या वर्षी, १९६५ मध्ये, तिनं आपला फ्लॅट एका नोटरीला दिला. फ्रान्समध्ये तशी पद्धतच आहे. म्हाताऱ्या मालकानं मरेपर्यंत घरात राहायचं, घेणाऱ्यानं दरमहा ठरलेली रक्कम द्यायची, मालक गेला की घर घेणाऱ्याचं. ठरले महिना अडीच हजार फ्रँक.

पाध्ये काका: वर्षाला तीस हजार. नव्वदीची बाई, म्हणजे पाच-सात वर्षांचा हिशेब केला असेल त्यानं. आणि तीस वर्षं झाली म्हणजे नऊ लाख!

वैद्य काकू: नऊ लाखांच्या वरच. घराच्या किमतीच्या दुप्पट झाले म्हणतात. नोटरी १९९५ मध्ये गेला, ७७ वर्षांचा होऊन. घरात पाऊल नाही. पुढचे हप्ते त्याच्या बायकोनं भरले.

नितीन: अरे देवा.

शिंदे: १२२? कागदपत्रं नीट तपासली का कुणी?

प्राची: २०१८ मध्ये रशियातल्या एकानं असाच दावा केला होता. म्हणे खरी बाई १९३४ मध्येच गेली आणि मुलगी तिच्या नावानं जगली. फ्रान्सच्या अभ्यासकांनी कागद दाखवून खोडून काढला.

पाध्ये काका: आपल्याकडे रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे म्हातारपणी घर तारण ठेवून बँकेकडून पैसे घेत राहायचे, २००७ च्या बजेटमध्ये आलं. मी बँकेत असेपर्यंत आमच्या शाखेत एकही अर्ज आला नाही. घर मुलांनाच द्यायचं असतं ना सगळ्यांना. मला तर ही फ्रेंच पद्धत चोख वाटते. वैद्य मॅडम, बी-२०३ चे महिना किती घ्याल?

वैद्य काकू: माझी आई सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली, आजी एकशे एकाव्या. आधी घरात विचारा.

लता वहिनी: पाध्ये काकूंना मी दाखवतेय हा मेसेज.

नितीन: दोघांनाही आत्ताच सांगतो, एनओसी कमिटीकडून घ्यावी लागेल. आणि बी-२०३ चा मेंटेनन्स दोन महिने थकलाय, तो कोण भरणार तेही ठरवा.