गटाच्या अहवालावरून भांडण, व्हर्जन हिस्टरी दाखवून मी ते वाढवलं

प्रश्न
मी पदविकेच्या तिसऱ्या वर्षाला शिकवते. चौघींचा एक गट आहे, प्रकल्प ठिबकचं पाणी कधी सोडायचं ते सांगणारं ॲप. अहवाल एकाच गूगल डॉकमध्ये. परवा रात्री एकीनं दुसरीचं 'मातीतला ओलावा' हे अख्खं प्रकरण पुसून तिथे स्वतःचं घातलं. सकाळी व्हॉट्सॲपवर रडारड, एक जण ग्रुप सोडून गेली. मी सरळ व्हर्जन हिस्टरी (कुणी कधी काय बदललं याची डॉकमधली नोंद) उघडली आणि वर्गात पडद्यावर दाखवली. कुणी पुसलं ते सगळ्यांना कळलं. तेव्हापासून चौघींत अबोला आहे, आणि तोंडी परीक्षा महिन्यावर आलीय. काय करू?

उत्तर १
मॅडम, कुणी पुसलं ते हिस्टरीत दिसतं, का पुसलं ते दिसत नाही. तिला एकटीला बोलावून विचारा. आणि पुढे प्रत्येक प्रकरणाचा डॉक वेगळा करा. लिहिणारीला एडिटर ठेवा, बाकी तिघींना कमेंटर. मग त्यांची दुरुस्ती फक्त सूचना म्हणून दिसते, मूळ मजकूर शाबूत राहतो.

उत्तर २
ॲपचा कोड गिटहबवर (कोड एकत्र ठेवायच्या साइटवर) असेल तर तिथेही मेन ब्रँचला, म्हणजे कोडच्या मुख्य प्रतीला, कुलूप लावा, दुसरीनं पाहून मान्यता दिल्याशिवाय काही मिसळणार नाही. पण कमिट, म्हणजे कुणी किती बदल नोंदवले ते, मोजून गुण देऊ नका हो. दोघी एका लॅपटॉपवर बसल्या की नाव एकीचंच लागतं, आणि वायरिंग करणारीचं तर कुठेच लागत नाही.

उत्तर ३
टोरोंटोचे शिक्षण-संशोधक स्कार्डामालिया आणि बेरायटर यांच्या नॉलेज फोरममध्ये, म्हणजे एकत्र लिहून शिकायच्या ऑनलाइन जागेत, मुलं नोंद लिहिताना 'माझा सिद्धांत', 'मला समजून घ्यायचंय' अशा तयार सुरुवाती वापरतात. आम्ही साध्या कमेंटमध्येच हे करतो: आधी 'माझं म्हणणं', मग 'पुरावा'. 'तुला काही कळत नाही' ही ओळ दोन्हींत बसत नाही, त्यामुळे ती लिहिलीच जात नाही.

विचारणारी
आज विचारलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, तो ओलावा मोजणारा दोन पायांचा सेन्सर मातीत गंजतो, रीडिंग सरकतं. मी तीनदा व्हॉइस मेसेज टाकला, कुणी ऐकलाच नाही." तिचं म्हणणं बरोबर आहे! विद्युतरोधावर चालणाऱ्या त्या स्वस्त सेन्सरचे पाय खरंच गंजतात. तरी दुसरीची मेहनत न विचारता पुसणं चूकच, तेही तिला सांगितलं. पडद्यावर दाखवल्याबद्दल मी तिची माफी मागितली, वर्गासमोरही मागणार आहे.

जुनं प्रकरण परत आणलंय. दोन पायांचा आणि कपॅसिटिव्ह (ज्याचा धातू मातीला उघडा लागत नाही तो), दोन्ही सेन्सर एकाच कुंडीत लावलेत, रीडिंग चौघींच्या शीटमध्ये उतरतायत. ग्रुप सोडून गेलेली अजून परतलेली नाही, पण दुपारी तिनं शीटमध्ये कमेंट टाकली: "माझं म्हणणं: पाणी घातल्यावर दहा मिनिटं थांबून रीडिंग घ्या."