एस्सिटालोप्राम सुरू केल्यावर धडधड वाढली, बंद करू का?

केवडा:
जनरलाइज्ड अँग्झायटीचं निदान झालंय. आठ महिने ज्याची-त्याची काळजी, मान आखडलेली, पहाटे तीनला टक्क जाग. त्यावर एस्सिटालोप्राम ही गोळी आधी ५ मिग्रॅ, आठवड्याने १० असं दिलंय. आज पाचवा दिवस. मळमळतंय आणि धडधड उलट वाढलीय. काल सही करताना पेन थरथरत होतं. सुस्ती आणणारं काही नको, रोज गाडी चालवते. अनुभव सांगा.

रानवाट:
आपल्या मनाने सोडू नका. माझाही पहिला आठवडा असाच गेला. त्रास लगेच सुरू होतो, गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. गोळी रात्री जेवून घ्या, मळमळ कमी होते. वय पंचविशीच्या आत असेल आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

उंबरठा:
क्लोनाझेपाम घ्या, तासाभरात शांत वाटतं. मी चार वर्षं घेतोय, काही झालं नाही.

रानवाट:
उंबरठा, त्या गाडी चालवतात हो! आणि चार वर्षं? तिची सवय लागते. एकदम बंद केली तर फिटही येऊ शकते. डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

उंबरठा:
मला सवय वगैरे नाही. नाही घेतली तर झोप लागत नाही, एवढंच.

पानगळ:
गोळ्यांच्या नादी लागूच नका. मी रोज तासभर चालून बरा झालो.

तळटीप:
प्रत्येकाचं चालून भागत नाही. सीबीटी (विचारांची सवय बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) मात्र जरूर करा, गोळीइतकाच उपयोग होतो. आणि थायरॉइड तपासलंय का? माझी धडधड दोन वर्षं काळजीच्या नावावर खपली, शेवटी थायरॉइड वाढलेलं निघालं. अजून राग येतो.

शेवंती:
प्रोप्रानोलोल! मुलाखतीआधी एक घेते, हात स्थिर.

तळटीप:
दमा असेल तर ती चालत नाही. शिवाय थरथर थांबते, मनातली काळजी तशीच राहते.

केवडा:
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोलले. ५ वरच आणखी एक आठवडा राहायचं ठरलं. क्लोनाझेपाम थोडे दिवस घ्या असं तेही म्हणाले, मी नको म्हटलं. रानवाट, गोळी सकाळीच घेणार, आधीच झोप उडालीय. थायरॉइडच्या टीएसएच तपासणीसाठी रक्त उद्या देतेय. रिपोर्ट आला की इथेच लिहीन.