पडद्यावरचे चित्र हातात केव्हा उतरले? (अनुभव धागा)

निमंत्रण

आंतरजालावर चित्रे पाहणे आता इतके सोपे झाले आहे की आपण काय काय पाहिले याची यादी कोणीही देऊ शकेल. तशी यादी येथे नको आहे. नागपुरात राहणाऱ्या किंवा येथे वाढलेल्या, थोडेफार चित्र काढणाऱ्या मंडळींना माझा एवढाच प्रश्न आहे की पडद्यावर पाहिलेल्या कोणत्या गोष्टीने तुमचा हात बदलला आणि कोणत्या गोष्टीचा काहीही उपयोग झाला नाही. अनुभव लहान असला तरी चालेल, फक्त तो स्वतःचा असावा.

सुरुवात मीच करतो. 2002 च्या सुमारास सीताबर्डीवरच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी परदेशी चित्रकारांची चित्रे उतरवून घेत असे. 1.44 एमबीच्या फ्लॉपीत ती जेमतेम आठ-दहा मावत, त्यामुळे कोणती घ्यायची हे घरूनच ठरवून जावे लागे. आमच्याकडे संगणक नसल्याने ती मित्राच्या घरी उघडायची आणि त्याच्या आईचा चहा होईपर्यंत पेन्सिलीने वहीत उतरवायची, असा क्रम होता. त्या टंचाईचे गोडवे मी गाणार नाही, कारण त्यांतली निम्मी चित्रे इतकी धुरकट असत की डोळा कसा काढला आहे हे कळतच नसे. तरीही फ्लॉपीतले प्रत्येक चित्र मी एकदा तरी काढून पाहिले होते. आज फोनमध्ये काही हजार चित्रे साठवलेली आहेत आणि त्यांतली पन्नासही काढलेली नाहीत.

महाल, निवृत्त चित्रकला शिक्षिका

एकतीस वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवली आणि दरवर्षी एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुले बसवली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन या पेपरांपैकी स्मरणचित्राची आमची एक ठरलेली रीत होती. विषय बाजाराचा असो की बसथांब्याचा, पुढे एक मोठी पाठमोरी आकृती, मध्ये दोन लहान आकृत्या, मागे झाड आणि इमारत. आकृती पाठमोरी अशासाठी की चेहरा काढावा लागत नाही. या रीतीने मुलांना श्रेणी मिळत गेल्या आणि तिच्यात काही खोट असेल असे मला कधी वाटले नाही.

2020 च्या टाळेबंदीत भाचीच्या मुलीने मला तीस सेकंदांच्या रेखाटनाचा सराव दाखवला. पडद्यावर एका माणसाचे छायाचित्र येते, तीस सेकंदांनी ते जाऊन दुसरे येते, आणि तेवढ्या वेळात अंगाचा झोक, कण्याचे वळण आणि वजन कोणत्या पायावर आहे एवढेच पकडायचे असते. पहिल्या दिवशी वीसपैकी एकही आकृती पुरी झाली नाही, कारण मी प्रत्येक वेळी डोक्यापासून सुरुवात करत होते आणि वेळ मानेपाशीच संपत होती. पाचव्या-सहाव्या दिवशी मी डोके सोडून दिले, कमरेच्या तिरक्या रेषेपासून निघाले, आणि कागदावर पहिल्यांदा कोणीतरी उभे राहिले. इतकी वर्षे माझ्या बाजारातली माणसे उभी नव्हतीच, ती कागदाला डकवलेली होती, हे त्या दिवशी दिसले. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची येथे क्षमा मागून ठेवते.

वस्तुचित्राच्या बाबतीत मात्र मी माघार घेणार नाही. तांब्याचा घडा डोळ्यांच्या पातळीकडे येऊ लागला की त्याच्या तोंडाचे लंबवर्तुळ चपटे होत जाते आणि शेवटी त्याची सरळ रेषा होते, हे मुलाने स्वतः बाकावरून उठून आणि खाली बसून पाहिले पाहिजे. छायाचित्रात ती जागा कॅमेऱ्याने आधीच ठरवलेली असते, आपण मान कितीही हलवली तरी घडा हलत नाही. म्हणूनच मी मुलांना अजब बंगल्यात नेत असे. 1863 साली सुरू झालेल्या या संग्रहालयातले पेंढा भरलेले प्राणी चित्र काढणाऱ्यासाठी फार सोयीचे आहेत, कारण ते हलत नाहीत आणि आपल्याला मात्र जागा बदलून पाहता येते.

त्रिमूर्तीनगर, गृहिणी

जेक पार्कर यांनी 2009 मध्ये सुरू केलेल्या इंकटोबरमध्ये मी दोन वर्षांपूर्वी भाग घेतला. ऑक्टोबरभर रोज एक शाईचे चित्र काढायचे, असा तो नेम आहे. हा महिना ज्याने निवडला त्याच्या घरी दसरा-दिवाळीची साफसफाई नसावी. अकराव्या चित्रापाशी मी थांबले आणि उरलेली वीस मार्गशीर्षात काढली. चिवड्याच्या डब्याचे चित्र त्यांत सर्वांत बरे आले, कारण तोवर तो डबा रिकामा झाला होता आणि त्याच्या आतली सावली दिसत होती.

इतवारी, डीटीपी व्यावसायिक

माझे वडील दुकानांचे बोर्ड रंगवायचे. खडू लावलेली दोरी ताणून सोडली की पत्र्यावर वरची आणि खालची रेषा उमटायची, मग हात टेकायला काठी धरून ते अक्षराची कड काढायचे आणि सर्वांत शेवटी त्याचे पोट रंगाने भरायचे. फ्लेक्स आले आणि काही वर्षांतच हे काम आटले. मी संगणकावर मजकूर बसवायला शिकलो, म्हणजे ज्या गोष्टीने त्यांचे काम गेले तिच्यावरच आमचे घर चालले. याबद्दल आमच्यात कधी बोलणे झाले नाही.

काही वर्षांपूर्वी हनीफ कुरेशी यांचा हँडपेंटेडटाइप हा प्रकल्प माझ्या पाहण्यात आला. रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरे त्यांनी गोळा केली होती आणि त्यांचे संगणकावर वापरता येतील असे टंक (फॉन्ट) तयार करवले होते. आपल्या घरी जे रोज चालायचे त्याला कोणी शैली म्हणून जपून ठेवू शकते, हे मला तोपर्यंत सुचलेही नव्हते. विंडोजमधला ज्याच्याशी माझा रोजचा संबंध, तो मंगल टंक र. कृ. जोशी यांनी घडवला, हेदेखील मला याच शोधात वयाच्या चाळिशीत कळले. अक्षर कोणीतरी काढलेले असते ही गोष्ट पेंटरच्या मुलाने विसरावी, हे लाजिरवाणेच आहे.

फोन वडिलांपुढे धरला तेव्हा ते आधी म्हणाले, "काय पाहून राहिला बे?" मग चष्मा लावून बराच वेळ पाहत बसले आणि एका अक्षराचा काना जास्त जाड झाल्याचे त्यांनी सांगितले. त्या दिवाळीत मी त्यांना घरच्या दारावर नाव रंगवायला बसवले आणि वरून चित्रफीत काढली. ती पाहून मी वर्षभर सराव करतो आहे. हाताची चाल चित्रफितीत नीट दिसते, पण वळणावर ते श्वास रोखून धरतात आणि ब्रश उचलल्यावरच सोडतात, ही गोष्ट मला शेजारी बसल्यावर ऐकू आली.

सध्या पुणे, मूळ रामदासपेठ

2014 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे मोठे प्रदर्शन सुरू झाले. त्याबद्दल वाचताना त्यांचा जन्म 1924 साली नागपुरात झाल्याची ओळ दिसली आणि मी खुर्चीतच सावरून बसलो, कारण बारावीपर्यंत या शहरात शिकूनही हे नाव माझ्या कानावर आले नव्हते. लगेच त्यांची चित्रे शोधली आणि मला काहीही कळले नाही. पिवळा उभा आयत आणि त्यावर पुसटशा खुणा, एवढेच फोनवर दिसत होते.

पुढे कामानिमित्त दिल्लीला गेलो असताना राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रासमोर उभा राहिलो. रोलरने आणि पॅलेट नाइफने रंग चढवायचा, काढायचा, पुन्हा चढवायचा, ही त्यांची पद्धत वाचून माहीत होती, परंतु खालचा थर वरच्या थरातून वर येताना दिसायला एका जागी उभे राहून डोळे स्थिरावू द्यावे लागले. पडद्यावर मी त्या चित्राला चार सेकंद दिले असतील.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. रेम्ब्राँ यांच्या 'नाइट वॉच'चे 717 गिगापिक्सेलचे छायाचित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाने 2022 मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्यात रंगाला गेलेल्या तड्यांपर्यंत जाता येते, आणि प्रत्यक्ष दालनात इतके जवळ कोणीही जाऊ देणार नाही. फक्त ते चित्र साडेतीन मीटरांहून उंच आहे, हे फोन सांगत नाही. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. एखादे चित्र आवडले की आधी त्याची मापे वाचतो आणि भिंतीवर खडूने तेवढी चौकट आखतो. 'नाइट वॉच' माझ्या भिंतीवर मावले नाही. घरमालकांना अजून पूर्ण खुलासा केलेला नाही.

धरमपेठ, बँक कर्मचारी

गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी 2007 मध्ये सुरू केलेल्या अर्बन स्केचर्स या चळवळीचा आग्रह आहे की चित्र जागेवर बसून, समोर दिसते तेच काढावे. ते वाचून मी झिरो माइल स्तंभाजवळच्या घोड्यांच्या पुतळ्यांपासून सुरुवात केली. जलरंग शिकलो मात्र चित्रफिती पाहून, आणि तेथेच फसलो. त्या थंड देशांतल्या असल्याने प्रत्येक शिक्षक सांगतो की पहिला थर वाळेपर्यंत धीर धरा. आमच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना थर वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, तो ब्रशच्या मागोमाग वाळत येतो आणि आकाशात पट्टे उरतात. दोन उन्हाळे मी स्वतःच्या हाताला दोष दिला.

आता 300 जीएसएमचा, म्हणजे जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवून प्लास्टिकच्या पाटीवर चिकटवतो, पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकतो आणि सकाळी साडेपाचला फुटाळा तलावावर जाऊन सातच्या आत परततो. कूलरसमोर बसून रंगवू नये, हेही स्वानुभवाने सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत तर बसायलाच जागा नसते. काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तेव्हा गर्दी आपल्याला वहीसकट ढकलत नेते, म्हणून तेथे फक्त पेन. बाईंच्या तीस सेकंदांच्या सरावाचे वाचून यंदा आधी महिनाभर तयारी करण्याचे ठरवले आहे.

मानेवाडा, विद्यार्थी

मी आधी फोनवर बोटाने आणि आता जुन्या लॅपटॉपवर क्रिटा हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर वापरून चित्र काढतो. क्रिटा फुकट आहे आणि स्वस्त पेन टॅब्लेटवरही नीट चालते, मात्र हात टेबलावर आणि नजर पडद्यावर ठेवायची सवय व्हायला मला दोन महिने लागले. माझी अडचण अन्डूची झाली. एक रेष चाळीस वेळा मागे घ्यायचो आणि चाळिसावी पहिलीसारखीच असायची. म्हणून रोजची पहिली दोन पाने बॉलपेनने कागदावरच काढतो.

गेल्या वर्षी माझ्या गणपतीच्या चित्राचा कोपऱ्यातला सहीचा भाग कापून कोणीतरी ते स्वतःच्या शुभेच्छापत्रावर लावले. ते माझ्याच मामांनी मला पाठवले, तेव्हा कळले. त्यानंतर चार महिने मी काहीही टाकले नाही.

महाल, निवृत्त चित्रकला शिक्षिका

बाळा, सही कोपऱ्यात करू नकोस. पाटाच्या नक्षीत किंवा शेल्याच्या काठात ती अशी गुंफ की कापायची तर गणपतीच कापावा लागेल. मोठ्या आकाराची मूळ फाइल स्वतःपाशी ठेव आणि बाहेर लहानच टाक.

इतवारी, डीटीपी व्यावसायिक

बाईंचे वाचून वडिलांना विचारले. ते सांगतात की बोर्डाच्या कोपऱ्यात नाव टाकले की दुकानदार खिळा नेमका तेथेच ठोकायचा, म्हणून पुढे ते एखाद्या अक्षराच्या पोटात, त्याच रंगाच्या थोड्या गडद छटेत नाव लिहू लागले. मला हे माहीत नव्हते. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बंद दुकानाच्या बोर्डावर 'ळ'च्या गाठीत ते अजून असावे असे त्यांचे म्हणणे आहे. रविवारी शिडी घेऊन जातो आणि सापडल्यास छायाचित्र येथे लावतो.