ओसीडी: आधी गोळी की आधी ईआरपी?

वैदेही_मिरज

माझं मत आधीच सांगून टाकते. मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या पेशंटला नुसती गोळी लिहून द्यायची आणि ईआरपीचं नावही काढायचं नाही, हा अर्धवट उपचार आहे. हे मी मनाने सांगत नाही, चाचण्याच तसं सांगतात.

ज्यांनी ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: ज्या गोष्टीची धास्ती आहे तिला पायरीपायरीने मुद्दाम सामोरं जायचं, आणि नंतर हात धुणं, कडी तपासणं, "माझा हात लागला नाही ना कुठे?" असं घरच्यांना विचारत बसणं, यातलं काहीही करायचं नाही. धास्ती चढते, जीव नकोसा होतो, पण न धुताही निभावतं हे हळूहळू अंगवळणी पडतं. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी अशा दोन पेशंटचा अनुभव छापला. तोवर या आजारावर उपाय नाही असंच बहुतेक तज्ज्ञ धरून चालत.

आता आकडे. २००५ साली एडना फोआ आणि सहकाऱ्यांची अमेरिका-कॅनडातली चाचणी आली. १२२ पेशंट, चार गट, १२ आठवडे. चांगली सुधारणा झालेले: नुसत्या ईआरपीवर ६२ टक्के, क्लोमिप्रामिन या गोळीवर ४२, दोन्ही मिळून ७०, खोट्या गोळीवर (तुलनेसाठी दिलेली, आत औषध नसलेली) ८. उपचार थांबवल्यावर पुढच्या १२ आठवड्यांत नुसत्या गोळीवर सुधारलेल्यांपैकी ४५ टक्के पुन्हा घसरले, ईआरपी घेतलेल्यांपैकी १२ टक्के. पुढे २०१३ मध्ये, गोळी घेऊनही पुरतं बरं न वाटलेल्या १०० जणांना ईआरपी, रिस्पेरिडोन (मनोविकारावरचं दुसरं एक औषध) किंवा खोटी गोळी जोडून दिली. प्रतिसाद अनुक्रमे ८०, २३ आणि १५ टक्के.

आमच्या मोठ्या वहिनी कित्येक वर्षं गोळीवर आहेत. एकाही डॉक्टरने ईआरपी हा शब्द उच्चारला नाही. बेंगळुरूला शिकणाऱ्या भाचीने सांगितलं तेव्हा कळलं. गोळीवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

उगाचच

धागा वाचून दोनदा हात धुऊन आलो. 😀

दार_तीनदा

@उगाचच, हा विनोद ऐकतच आम्ही मोठे झालो. चालू द्या.

लातूरकर_मनोवैद्य

गोळीवाला हजर आहे.

ताई, आकडे बरोबर आहेत. पण त्यामागे काय काय होतं तेही सांगा की. २००५ च्या चाचणीतली ईआरपी म्हणजे पहिल्या चार आठवड्यांत दोन-दोन तासांच्या १५ बैठका, वर आठ आठवडे पाठपुरावा. देणारे कोण? तर ज्यांनी ही पद्धत घासूनपुसून उभी केली त्यांच्याच हाताखाली तयार झालेले लोक. सोबत ठळक नैराश्य असलेले पेशंट घेतलेच नव्हते. माझ्या ओपीडीत ओसीडीचा पेशंट नैराश्याशिवाय आला तर मला आश्चर्य वाटतं.

हा पेशंट औशाहून, निलंग्याहून एसटीने येतो, रोज बुडवून, महिन्यातून एकदा. आला तरी मिळवलं. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि ईआरपी नीट शिकलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्याहून दुर्मीळ. मी त्याला काय सांगू? फोआबाईंच्या केंद्रात, फिलाडेल्फियाला जा?

आणि गोळीला इतकं हलक्यात घेऊ नका. १९९१ साली क्लोमिप्रामिनचा मोठा अभ्यास आला, ५२० पेशंटचा. दहा आठवड्यांत लक्षणांचा गुणांक सरासरी ३८ ते ४४ टक्क्यांनी उतरला, खोट्या गोळीवर जेमतेम ३ ते ५. नैराश्याच्या चाचण्यांत खोट्या गोळीनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं, ओसीडीत सहसा नाही. त्यामुळे इथे गोळीने काही केलं असेल तर ते खरंच गोळीने केलेलं असतं.

"गोळीचा उपयोग झाला नाही" म्हणून येणाऱ्यांची जुनी चिठ्ठी पाहिली की बहुतेकदा डोस तोकडा दिसतो. या आजाराला नैराश्यापेक्षा जास्त डोस लागतो आणि निकाल बघायला ८ ते १२ आठवडे थांबावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात शेजारचं कुणी तरी "झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागेल" म्हणतं आणि बंद! (हे वाचून कोणी आपापला डोस वाढवू नये, हात जोडून विनंती.)

स्टॅटकाका

आयुष्य आकडेमोडीत गेलं, म्हणून एक खडा टाकतो. २०१३ च्या त्या ८० टक्क्यांत "प्रतिसाद" कशाला म्हटलंय ते बघा. ओसीडी मोजायची वाय-बॉक्स नावाची पट्टी आहे, शून्य ते ४०. तिच्यावर किमान २५ टक्के उतार पडला की तो प्रतिसाद. म्हणजे २८ वरून २१ वर आलेला माणूस "सुधारला". २१ म्हणजे अजून मध्यम तीव्रतेचा आजार. बाथरूममधून तो अजूनही लवकर बाहेर येत नाही, फक्त आधीपेक्षा लवकर येतो.

दुसरं, २००५ चे ६२ टक्के हे ईआरपी सुरू केलेल्या २९ जणांमधले. पूर्ण केली २१ जणांनी, त्यांच्यात प्रमाण ८६ टक्के. लोक जाहिरातीत दुसरा आकडा वापरतात. ताईंनी पहिला दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. पण २९ आणि २१ या संख्या किती छोट्या आहेत तेही लक्षात असू द्या.

वैदेही_मिरज

@स्टॅटकाका, मग २०१३ च्याच चाचणीतला कडक निकष घ्या. गुणांक १२ किंवा त्याखाली, म्हणजे लक्षणं नावापुरतीच उरली, असे किती? ईआरपी जोडलेल्यांत ४३ टक्के, रिस्पेरिडोनवर १३, खोट्या गोळीवर ५. पट्टी कितीही कडक करा, क्रम बदलत नाही.

@लातूरकर, तुमची अडचण खरी आहे, पण ती सोयीची अडचण आहे, शास्त्राची नाही. माणसं कमी आहेत म्हणून उपचाराचं नावच पेशंटपासून लपवायचं?

दार_तीनदा

मी पेशंट आहे, त्यामुळे माझा आकडा एकच. दाराची कडी हा माझा दिसणारा भाग. न दिसणारा भाग म्हणजे देवासमोर उभं राहिलं की डोक्यात येणारे घाणेरडे विचार. ते घालवायला मनातल्या मनात जप, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. घरच्यांना वाटायचं पोरगा भाविक आहे!

ईआरपी सुरू झाली तेव्हा पहिल्याच बैठकीत मला तो विचार कागदावर लिहायला सांगितला, आणि मी उठून निघून आलो. परत गेलो तो गोळी लागू पडल्यावर. गोळीने विचार गेले नाहीत, पण त्यांचा आवाज इतका खाली आला की कागद-पेन हातात धरता आलं. म्हणून "आधी काय" या वादात मी गोळीच्या बाजूचा. पण फक्त गोळीवर राहिलो असतो तर जप अजून चालूच असता, जरा हळू आवाजात, इतकंच.

ठाण्याची_मावशी

घरच्यांचा विषय कोणीच काढत नाही. आमच्याकडे सासूबाईंसाठी सगळं घर चप्पल बाहेर, कपडे बाहेर, मग आंघोळ, असं वागत होतं. सोवळ्याच्या घरात तर हे कुणाच्या नजरेतही येत नाही, उलट कौतुक होतं. त्यांना त्रास नको म्हणून आपण करतो आणि आजार पोसतो. घरचे जितके या रिवाजांत सामील, तितका उपचाराचा गुण कमी, असं संशोधनातही वारंवार दिसलंय. वैदेही, वहिनींच्या आधी घरातल्यांना कुणाशी तरी बोलायला बसवा.

परसबाग

मला कळत नाही, डॉक्टरांनीच तपासताना दहा मिनिटं ईआरपी समजावून सांगितली तर? "आज हात एकदाच धुवा, उद्या नळ लवकर बंद करा" असा गृहपाठ दिला की झालं. वेगळा माणूस हवाच कशाला?

वैदेही_मिरज

@परसबाग, नेमकं हेच करून पाहिलंय. २०११ ची चाचणी, ७ ते १७ वयाची १२४ मुलं, गोळी चालू असूनही त्रास शिल्लक. एका गटाला नुसतं गोळीचं व्यवस्थापन, दुसऱ्याला गोळी देणाऱ्या डॉक्टरांकडूनच थोडक्यात सूचना आणि गृहपाठ, तिसऱ्याला गोळीसोबत पुरी थेरपी, ईआरपीसकट. प्रतिसाद ३०, ३४ आणि ६८.६ टक्के. दहा मिनिटांचा सल्ला नुसत्या गोळीच्या पंगतीलाच जाऊन बसला. फरक पडला तो पेशंटला सोबत घेऊन, प्रत्यक्ष बैठकीत करून घेण्याने.

लातूरकर_मनोवैद्य

ही चाचणी तुम्ही काढलीत ते बरं झालं. आता तिच्याच आधीची, २००४ ची काढतो. ११२ मुलं. आजार जवळपास ओसरलेली: सर्ट्रालिन ही गोळी आणि थेरपी दोन्हीवर ५३.६ टक्के, नुसत्या थेरपीवर ३९.३, नुसत्या सर्ट्रालिनवर २१.४, खोट्या गोळीवर ३.६. तुम्ही म्हणाल, बघा, थेरपी गोळीच्या पुढेच. पण आत जाऊन वाचा. नुसत्या थेरपीचा गुण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दणदणीत आला, ड्यूक विद्यापीठात बराच कमी. तीच पुस्तिका, तेच प्रशिक्षण, दोन्ही नामांकित केंद्रं. जिथे गोळी आणि थेरपी दोन्ही होतं तिथे मात्र केंद्राकेंद्रांत तसा फरक दिसला नाही.

याचा अर्थ मी असा लावतो: थेरपिस्ट अव्वल असेल तर नुसती ईआरपी चालेल. तो कसा आहे हे ठाऊक नसेल, तर गोळी हा आधार आहे. आपल्याकडे ते ठाऊक नसतंच. दोन शनिवारांच्या कार्यशाळेनंतर लोक पाटीवर "ओसीडी स्पेशालिस्ट" लिहितात. बैठकीत करतात काय, तर "पॉझिटिव्ह विचार करा", आणि पेशंटला पुन्हा पुन्हा धीर देतात. ओसीडीत असा धीर देणं म्हणजे त्याच्याच रिवाजाला हातभार.

एडिसनचा_बंड्या

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे सगळं मिळतं हा गैरसमज नको. ईआरपीवाले आहेत, पण अनेक जण विमा घेतच नाहीत, खिशातून भरा. स्वीडनचं मात्र बघण्यासारखं आहे. २०१२ मध्ये १०१ जणांवर इंटरनेटवरून हीच थेरपी, दहा आठवडे, थेरपिस्ट लेखी निरोपांतून सोबत. ठोस सुधारणा ६० टक्के, तुलनेच्या गटात ६. निलंग्यात मोबाइल तर पोचलाय ना, डॉक्टर?

लातूरकर_मनोवैद्य

@बंड्या, मोबाइल पोचलाय. एका घरात एक, आणि तो नवऱ्याच्या खिशात. सुनेने ओसीडीबद्दल निरोप टंकायचा कुठून? शिवाय असा कार्यक्रम मराठीत कुणी बांधायचा, आणि पेशंट मधेच अडकला तर उत्तर कोण देणार? पण कल्पनेला विरोध नाही. हे झालं तर माझी ओपीडी हलकी होईल.

वैदेही_मिरज

म्हणजे तुमचा आक्षेप ईआरपीवर नाहीच, आमच्याकडच्या ईआरपीवर आहे. मग दोन गोष्टींवर स्पष्ट बोला. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही गोळी आणि ही थेरपी दोन्ही पहिल्या फळीत आहेत. तरी चिठ्ठीवर एकच का दिसतं? आणि ईआरपीने बऱ्या झालेल्यांना तरी गोळी सोडता येते का?

लातूरकर_मनोवैद्य

दुसऱ्याचं आधी. २०२२ मध्ये फोआ यांच्याच गटाने ते तपासलं. गोळीवर असताना ईआरपीने बरे झालेले १३७ जण, निम्म्यांची गोळी हळूहळू बंद, निम्म्यांची चालू, कुणाची कुठली ते पेशंटला माहीत नाही. सरासरी गुणांकात मोठा फरक पडला नाही, पण प्रकृती बिघडून मदत लागलेले बंद केलेल्यांत ४५ टक्के, चालू ठेवलेल्यांत २४. म्हणजे सोडता येते, पण डॉक्टरांच्या नजरेखाली.

पहिल्याबद्दल: चिठ्ठीवर मी तेच लिहितो जे पेशंटला मिळू शकतं. न मिळणाऱ्या उपचाराचं नाव लिहून त्याच्या हातात अपराधी भावना कशाला देऊ?

दार_तीनदा

डॉक्टर, इथे मी ताईंच्या बाजूने. नाव कळलं नसतं तर मी शोधलंच नसतं. मिळेल न मिळेल ते आम्ही बघू.

वैदेही_मिरज

+१. सांगली-कोल्हापूर भागात कुणाकडे जावं हे कसं ओळखायचं, तेवढं तरी सांगा. नावं नकोत.

लातूरकर_मनोवैद्य

फोनवरच विचारा: बैठकीत पेशंटकडून प्रत्यक्ष करून घेता की नुसतं बोलता? दोन भेटींच्या मधे काय करायला देता? वाय-बॉक्सवर मोजता का? घरच्यांना बोलावता का? पहिल्याच प्रश्नाला "आम्ही रिलॅक्सेशन शिकवतो" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा. आणि वहिनींची गोळी मधल्या काळात बंद करू नका.