शब्दचर्चा : ‘अनपकार’ की ‘अपाय टाळणे’?

प्रश्न : परिचारिका अभ्यासक्रमासाठी वैद्यकीय नीतीची चार तत्त्वे मराठीत लिहीत आहे. स्वायत्तता, हितसाधन आणि न्याय हे शब्द बसले. ‘नॉन-मॅलेफिसन्स’साठी, म्हणजे रुग्णाला इजा न करण्याच्या तत्त्वासाठी, ‘अनपकार’ घ्यावा की ‘अहिंसा’?

उत्तर : बोशां आणि चिल्ड्रेस या अमेरिकी नीतिअभ्यासकांनी 1979 साली ही चार तत्त्वे एकत्र मांडली. त्यांच्या शब्दाच्या लॅटिन मुळात ‘वाईट करणे’ असल्यामुळे ‘अनपकार’ शब्दशः जुळतो, पण मराठी कानाला तो वेगळेच सांगतो. उपकाराची फेड अपकाराने केली असे आपण म्हणतो, तेव्हा करणाऱ्याच्या बुद्धीवरच ठपका ठेवतो. रुग्णाला होणारी इजा बहुधा तशी नसते. माझ्या आजीला झोपेची गोळी सुरू केली होती. तिच्या गुंगीत ती रात्री मोरीकडे जाताना पडली आणि तिचा खुबा मोडला. गोळी लिहिणाऱ्याच्या मनात तिचे भलेच होते, फक्त ती रात्री किती वेळा उठते, हे कोणी विचारले नव्हते. हा अपकार नव्हे. अपाय मात्र झाला, आणि तो टाळणे हेच या तत्त्वाचे काम आहे.

शिवाय ‘अपाय’ शेजारी ‘उपाय’ घेऊनच येतो. ‘उपाय करायला गेलो आणि अपाय झाला’ हे वाक्य कोणत्याही घरात समजते. चरकसंहितेच्या निदानस्थानातही हाच विचार आहे : ‘शुद्धस्तु शमयेद्यो न कोपयेत्’, म्हणजे जो एक व्याधी शमवताना दुसरी उठवत नाही, तोच प्रयोग (उपचार) शुद्ध. ‘अहिंसा’ मी घेणार नाही. त्या शब्दाला व्रताचा आणि धर्माचा फार मोठा अर्थ चिकटलेला आहे.

प्रश्न : मग ‘अपाय न करणे’ असे लिहू का?

उत्तर : ‘टाळणे’ लिहावे. शल्यचिकित्सक पोट उघडतो तेव्हा जखम करतोच, आणि कर्करोगाच्या औषधांनी केस गळणार हे आधीच ठाऊक असते. तिथे ‘न करणे’ खोटे ठरते. ‘टाळणे’ या क्रियापदात टाळता येण्याजोगे काय होते, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि परिचारिकेने औषध देण्यापूर्वी तोच स्वतःला विचारायचा असतो. टिपणात वाक्य असे करता येईल : ‘रुग्णाला टाळता येण्याजोगा अपाय होऊ न देणे.’ एका शब्दाचा मथळाच हवा असेल, तर ‘अपायवर्जन’ चालेल, पण त्याखाली हे वाक्य अवश्य द्यावे.